अक्काताईनं माफी दिली नाही

जांबोटीच्या वरच्या अंगाला, रानातल्या एका वाडीत अक्काताई अठराव्या वर्षी नांदायला गेली. पहिल्याच महिन्यात भातात खडा लागला म्हणून नवरा भरमूनं तिला आसुडानं फोडून काढलं. पुढची सात वर्षं कारणं बदलत गेली, मार थांबला नाही. दुसऱ्या खेपेला पाचवा महिना चालू असताना त्यानं तिच्या पोटात लाथा घातल्या. ती गोठ्यातच रक्तात पडली. सासूनं ते मूल फडक्यात गुंडाळून गोठ्यामागं पुरलं आणि आत येऊन म्हणाली, "ऊठ, धारा काढायच्या हाईत."

एका सकाळी त्यानं चुलीतलं जळतं लाकूड ओढून तिच्या डाव्या कानशिलावर हाणलं. केस जळाले, कानातून रक्त आलं, आणि त्या कानाला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. तो बैल घेऊन शेतावर गेल्यावर तिनं दोन वर्षांच्या लेकीला, ऋतिकाला कडेवर घेतलं, रानवाटेनं जांबोटी गाठली आणि मिळेल त्या बसमध्ये चढली.

मच्छे गावात लोखंड ओतायच्या फौंड्रीत वाळूचे साचे उचलायचं काम मिळालं. राहायला खोली दिली नीलाकाकूंनी. त्या निवृत्त शिक्षिका. रोज पहाटे देवीपुढं जपाला बसायच्या. हळूहळू अक्काताईही शेजारी बसू लागली. मारणाऱ्याला क्षमा केल्याशिवाय मन शुद्ध होत नाही, असं तिनं एका कीर्तनात ऐकलं होतं. म्हणून माळ संपली की ती पुटपुटायची, "भरमूला माफ केलं." तेवढं म्हटलं की अंगाला कापरं भरायचं. एकदा तर तिची नखं तळव्यात रुतून रक्त आलं.

नीलाकाकूंनी तिचा हात उलगडून पाहिला. "खरंच केलंस माफ?"

"न्हाय काकू. नरड्यावर पाय द्यावा वाटतंय त्याच्या."

"मग देवीला तेच सांग. इथं बसून खोटं बोलू नकोस. राग आहे तर राग तिच्या पायाशी ठेव. माफी आतून आली तर येईल. नाही आली तर कुणी सक्ती केलेली नाही."

दुसऱ्या दिवशी अक्काताईनं देवीला लाथांचं सांगितलं, लाकडाचं सांगितलं आणि मग माळ हातात घेतली. रोज तसंच करत राहिली. काही महिन्यांनी कापरं भरायचं थांबलं.

वीस वर्षांनी ऋतिकाचं लग्न जमलं. बोलणी करायला पाहुणे बसले होते, त्या रविवारी दुपारी भरमूचा थोरला भाऊ आण्णाप्पा पत्ता काढत, भरमूलाच घेऊन दारात उभा राहिला.

"दारू सोडलीया त्यानं," आण्णाप्पा म्हणाला. "कन्यादान बापाच्या हातनं होऊ दे. चार माणसांत माफ केलं म्हण, मिटलं."

भरमूनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलं माझं. माफ कर गं."

अक्काताईनं पाय मागं घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं नवऱ्याला अरेतुरे केलं.

"रोज पहाटं देवीसम्होर खरं बोलायची सवय लागलीया मला. मग हितं खोटं कशी बोलू? पोटातलं पोर लाथांनी मारलंस तू. तुला माफ केल्यालं न्हाय. कन्यादानाला तुझा हात लागणार न्हाय."

भरमू उठला तो थेट तिच्या गळ्यावरच आला. दोन्ही हातांनी नरडं आवळून त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. पाहुणे जागच्या जागी थिजले. अक्काताईच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. वीस वर्षं साचे उचलून निबर झालेल्या हातात तिला त्याचा अंगठा सापडला. कडकन मोडेपर्यंत तिनं तो मागं पिळला. तो ओरडून खाली बसला, तशी तिनं त्याच्या तोंडावर मूठ मारली. दात पडला. दुसऱ्यांदा उगारलेली आपली मूठ मात्र तिनं वरच आवरली.

"ऋतिका, पोलिसांना फोन लाव."

पाहुण्यांनी लग्न मोडलं. "एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" म्हणून ऋतिका रडली, चार दिवस आईशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आईच्या केसांना तेल लावताना मानेवरची काळीनिळी बोटं तिला जवळून दिसली. ती तशीच उठली आणि ठाण्यात जाऊन जबाब लिहून देऊन आली.

खटला तीन वर्षं चालला. आण्णाप्पा दोनदा तडजोडीचा निरोप घेऊन आला. दोन्ही वेळा तिनं त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. कोर्टात भरमूच्या वकिलानं विचारलं, "एवढा जप करता, मग क्षमा का नाही?"

"देवीनं कधी मागिटली न्हाय," ती म्हणाली.

भरमूला दोन वर्षांची शिक्षा झाली. ती ऐकून अक्काताईला आनंद झाला आणि तो तिनं लपवला नाही. घरी येऊन नीलाकाकूंना सगळं हातवारे करून सांगितलं, आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.