एका पुस्तकाचे तीन तुकडे

चार माणसं मिळून एकच पुस्तक शिकायला बसली की पुढे पुस्तकातलं थोडंच आठवतं, माणसांचं मात्र साचत जातं. घरोघरी इंटरनेट पोचायचं होतं तेव्हा पंचवटीत माझा सायबर कॅफे होता. सकाळी गिऱ्हाईक नसायचं. त्या वेळात मी, इतिहासात बी.ए. झालेली रोहिणी, सायखेड्याचा विलास आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेले जोशीसर वेबसाइट बनवायचं एक फ्रेमवर्क शिकायचो. पुस्तक इंग्रजी, नवशिक्यांसाठी लिहिलेलं, आणि चौघांत एकच.

*

बरीच ओढाताण झाल्यावर रोहिणीने ब्लेडने पुस्तकाचे तीन भाग केले. सरांनी तोंड फिरवलं, त्यांना ते बघवेना. शेवटचा भाग विलासकडे गेला. त्यामुळे साइट बनवायची कशी हे कळायच्या आधीच ती सर्व्हरवर चढवायची कशी हे त्याला पाठ झालं. रोज येऊन विचारायचा, "झालं का काही तयार? मी चढवायलाच बसलोय."

*

फ्रेमवर्क म्हणजे नेमकं काय, हे मला पहिलं प्रकरण पुन्हा पुन्हा वाचूनही कळेना. विलासच्या घरी द्राक्षबाग. तो म्हणाला, "मांडव हाय हा. खांब रोवलेले, तारा ताणलेल्या. आपण फक्त वेल चढवायचा."

मी म्हटलं, मग सोपंच की.

तो म्हणाला, "नुसत्या मांडवाला द्राक्षं लागली असती, तर माझा बाप पहाटे उठला नसता."

*

पहिला धडा स्क्रीनवर 'हॅलो वर्ल्ड' उमटवायचा. सरांनी 'नमस्कार' लिहिलं. आली नुसती प्रश्नचिन्हं. देवनागरीबद्दल पुस्तकात अवाक्षर नव्हतं. इंग्रजीत लिहा आणि पुढे चला, असं आम्ही सांगून पाहिलं, पण सर हलेनात. बरेच दिवस शोधल्यावर एका सेटिंगचा घोळ सापडला आणि शब्द उमटला. सरांनी स्क्रीनला हात जोडले. आम्ही हसलो, तर म्हणाले, "अरे, समोरून कोणी नमस्कार केला तर उलट करायला नको?"

*

लोडशेडिंगमध्ये आम्ही बाहेर पायरीवर बसायचो. रोहिणी एररचे जुने प्रिंटआउट काढून मोठ्याने वाचायची आणि आम्ही चूक कुठे असेल ते सांगायचो. तिच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. नोकरी लागली तर वर्षभर थांबू, असं वडील म्हणाले होते. अंबडला एका कंपनीत मुलाखत झाली. तिथल्या साहेबांनी विचारलं, प्रोग्राम बंद पडला तर सगळ्यात आधी काय करशील? ती म्हणाली, "एरर शेवटपर्यंत वाचीन."

साहेबांनी विचारलं, हे कोणत्या कॉलेजात शिकवतात? तिने खरं ते सांगितलं, "पायरीवर. लाइट गेल्यावर."

पुढच्या सोमवारी ती रुजू झाली.

*

जोशीसरांचा मुलगा अमेरिकेत, याच धंद्यात. दर रविवारी त्याचा फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेता का, एवढ्यावर बोलणं संपायचं. सरांच्या पत्नी वारल्यापासून तर दोघांना विषयच उरला नव्हता. एका रविवारी सरांनी त्याला आपली अडलेली एरर सांगितली. मुलगा समजावत राहिला, सर विचारत राहिले, आणि गॅसवरची आमटी पार करपली. सोमवारी हे सांगताना सर फार खुशीत होते.

मग एका शुक्रवारी त्यांचं पान पुन्हा उघडेना. सगळी सकाळ ते स्क्रीनसमोर बसून होते. विलास मागून वाकला, म्हणाला, सर, हितं स्वल्पविराम राहिलाय. त्याने तो टाकला. पान उघडलं.

सरांनी पान नीट पाहिलं. विलासच्या पाठीवर हात ठेवला. मग की-बोर्ड जवळ ओढून तो स्वल्पविराम पुसून टाकला.

"राहू दे," ते म्हणाले. "परवा रविवार आहे."