फेकी

अमेरिकेत मुलीच्या घरी टीव्हीवर पहिल्यांदा बेसबॉल पाहिला आणि मी ओरडलोच, "अरे, हा फेकतोय! नो बॉल द्या!"

मुलीने ते शेजारच्या रामोन आजोबांना इंग्रजीत सांगितलं. ते कॅरिबियन बेटावरच्या डोमिनिकन रिपब्लिकचे, चेंडू टाकणारा तो पिचर त्यांच्याच गावचा. ते हसले. "फेकणार नाही तर काय करणार? त्यावरच तर त्याचं पोट आहे."

आमच्या मैदानावर वाकड्या कोपराच्या बॉलरला फेकी म्हणत. पंधराव्या वर्षी तो शिक्का माझ्यावर बसला आणि माझी बॉलिंग सुटली ती सुटलीच. आणि हा गडी त्याच कोपरावर बेट सोडून इथवर आला, सोळा वर्षं खेळला! खोट कशाला म्हणायचं आणि कसब कशाला, हे बहुधा मैदानच ठरवतं.

आता त्या कोपरावर ऑपरेशनचा वीतभर व्रण होता. वर्षभराने तो आज परतला होता. तो पायाने माती उकरत होता, चेंडू बोटांत फिरवत होता, पण टाकत नव्हता.

"चेंडू बघू नका," रामोन हळूच म्हणाले. "टाकल्यावर तो हात झटकतो का, ते बघा. झटकला, तर कोपर अजून दुखतंय, म्हणजे संपलं."

माझं कोपर मीच घट्ट धरून बसलो होतो.

त्याने चेंडू टाकला. हात झटकला नाही. रामोननी डोळे पुसले.

चेंडूचं काय झालं, ते मात्र आम्हाला मुलीला विचारावं लागलं.