लेकीच्या हृदयाची झडप

डॉक्टरांनी दोन झडपा टेबलावर ठेवल्या. एक धातूची, दुसरी जनावराच्या टिश्यूपासून केलेली. माझ्या लेकीच्या हृदयाची झडप जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची. विसाव्या वर्षी ती पुरती आखडली होती, जिना चढताना लेकीला भोवळ यायची. धातूची झडप टिकणार, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आणि बाळंतपणात मोठा धोका. टिश्यूची घेतली तर ती गोळी बहुधा कायमची लागणार नाही, पण काही वर्षांनी झडप झिजणार आणि पुन्हा ऑपरेशन. "आठवड्यात ठरवून सांगा," डॉक्टर म्हणाले.

माझा जन्म शिरोलीच्या फाउंड्रीत गेला. धातूवर माझा भरवसा. पण वरून निर्दोष दिसणारा ओतीव जॉब आतून पोकळ निघालेलाही मी पाहिलाय. माझं चुकलं तर पोरीचा जीव जाईल, हेच मनात. ती समोर आली की मी विषय बदलायचो.

शुक्रवारी दुपारी अंबाबाईच्या देवळात गेलो. "आई, तूच सांग, कुठली?" एवढंच विचारलं. खांबाला टेकून बसलो, तर शेजारून बारीक टिकटिक ऐकू आली. शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं.

"छातीत हाय ते, पावणं," त्या हसल्या. "व्हॉल्व्ह वाजतोय. चंदगडची एसटी चुकली म्हनून टेकलोय हितं."

मी सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, "मग धातूचीच बसवू का?"

"मला काय इचारता? माझी पोरं मोठी झाल्यावर बसवला ह्यो. रक्त तपासायला सारखं जावं लागतंय, पर निभावलंय. तुमच्या पोरीचं काय म्हननं हाय?"

"ती समोर आली की मी विषयच बदलतो," मी म्हणालो.

"इचारलंच न्हाई व्हय? काळीज तिचं हाय की!"

उचगावला घरी आलो आणि लेकीला विचारलं. ती रडायलाच लागली. "पप्पा, कधी विचारताय याची वाट बघत होते मी. मला टिश्यूची पाहिजे. पुढं मला मूल हवंय. पुन्हा ऑपरेशन लागेल, माहीत आहे. भीती वाटतेच की. पण माझं मी ठरवलंय."

डॉक्टरांनीही तिचं म्हणणं मान्य केलं. ऑपरेशनच्या दिवशी देवीचं नावसुद्धा नीट ओठांवर येईना. काही मागावं असंही वाटेना. 'तुझी आहे, तूच सांभाळ' एवढंच म्हणत बाकड्यावर बसून राहिलो. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "सगळं नीट झालं."

त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलं. कुणी योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही. त्यांची एसटी चुकली याबद्दल मी आजही देवीपुढं हात जोडतो. भीती गेली असंही नाही. ती झडप कधीतरी झिजेल. पण लेक माझ्या मुठीत नाही, अंबाबाईच्या ओटीत आहे, एवढं मला त्या दिवसांत कळलं, आणि मूठ जरा सैल झाली.