अल खोरपलीकडच्या शेतजत्रेत आईचा भोपळा

सातला निघायचं ठरलं होतं, तरी साडेसहालाच मी चपला घालून दारात उभी होते. आमचे हे सोफ्यावरून म्हणाले, "अगं, भोपळाच बघायला चाललीस ना? तो कुठे पळून जाणार आहे?" त्यांचा गुडघा दुखतोय, म्हणून ते घरीच राहणार होते. मुलगा शिफ्टवर. गाडी चालवणार सूनबाई, मुग्धा, आणि मागच्या सीटवर नऊ वर्षांची नात इरा.

कतारच्या उत्तरेकडे, अल खोरच्याही पलीकडे, दर वर्षी थंडीच्या तोंडाशी एका गावात शेतीची जत्रा भरते. इतकी वर्षं दोह्यात राहून मी कधी गेले नव्हते. या वेळी जाणं भागच होतं. तिथल्या एका टेबलावर माझ्या आईचा भोपळा मांडलेला असणार होता.

आई गेली, भावाने परसाची जागा विकली, आणि तिच्या लाल भोपळ्याच्या सात बिया माझ्याकडे आल्या. पातळ सालीचा, केशरी गराचा भोपळा. आई त्याचे घारगे करायची. दोन वर्षं मी दोह्यातल्या बिन महमूद भागात, आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्यांमध्ये चार बिया लावून पाहिल्या. पहिल्या वर्षी नुसता वेल. दुसऱ्या वर्षी एक फळ धरलं, पण कापलं तर आतल्या बिया सगळ्या पोचट. उरलेल्या तीन मी नामदेवला दिल्या. नामदेव जुन्नरकडचा. पूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये नळ दुरुस्तीला यायचा, आता उत्तरेतल्या एका मळ्यावर ठिबकची कामं बघतो. ऑगस्टमध्ये त्याने हरितगृहाच्या कोपऱ्यात त्या लावल्या. एकच जगली. "मधमाशी न्हाई ना काकू इथं," तो फोनवर सांगायचा, "मीच रोज सकाळी नर फूल तोडून मादी फुलाला लावतो." शेवटी एकच फळ धरलं. आता त्यात भरलेलं बी निघालं तर आईचा भोपळा पुढे चालणार होता. नाहीतर संपला.

जाणाऱ्यांसाठी थोडं सांगते. दोह्याहून रस्ता सरळ उत्तरेला जातो, गुळगुळीत आणि कंटाळवाणा. अल खोरला पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप कमी आहेत. तिथेच कडक चहा आणि अंड्याचा पराठा खाऊन घ्या, तिघींचं मिळून वीस रियालच्या आत भागलं. शुक्रवारी जाऊ नका, दुपारपर्यंत बरंच बंद असतं. शनिवार चांगला. आत जायला तिकीट नाही. टोपी आणि जाड तळव्याचे बूट मात्र हवेत, कारण शेवटचा तुकडा खडीचा आहे आणि पार्किंग म्हणजे उघडं माळरान.

उतरल्यावर वारा गार लागला. नाकात आधी शेळ्यांचा वास आला, मग ओल्या मातीचा. या देशात ओल्या मातीचा वास येतो हे मला ठाऊकच नव्हतं! खजुराच्या झावळ्यांचे मांडव, त्याखाली काकड्या, वांगी, टोमॅटो, मधाच्या बरण्या. एका बाजूला जुन्या जीवनाचा कोपरा होता. मासे पकडायची तारेची जाळी, मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांची पायाला बांधायची वजनं, झावळ्यांच्या टोपल्या विणणारे दोन म्हातारे. इराने एकाला विचारलं, "कॅन आय ट्राय?" त्याने पाती तिच्या हातात दिली आणि ती चुकली की "ला, ला", म्हणजे नाही, नाही, म्हणून खळखळून हसत होता.

त्याच्या शेजारी एक आजी लाकडाच्या जाळावर तवा ठेवून कागदासारखी पातळ पोळी करत होत्या. पीठ हातानेच तव्यावर फिरवायच्या. पाच रियालला एक, वर तूप आणि मध. मी हिंदीत किंमत विचारली तर त्यांनी हिंदीतच सांगितली. त्यांचे आजोबा मोती घेऊन मुंबईला जायचे म्हणे. "बंबई का आम," एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले. दोन पोळ्या तिथेच उभ्याने खाल्ल्या.

"काकू! इकडं!" नामदेव हात हलवत होता. इस्त्रीचा शर्ट, पायात मात्र मळ्यातलेच गमबूट. आणि त्याच्यासमोर आईचा भोपळा. बसका, खोल शिरांचा, देठाजवळ किंचित हिरवा. मी नुसता हात ठेवला त्याच्यावर.

परीक्षक आले, पांढऱ्या पायघोळ थोबमधले एक गृहस्थ, हातात फॉर्म. फळ फिरवून पाहिलं, वाजवून पाहिलं आणि सुरी पुढे केली. नियम असा होता की ज्यांचं फळ त्यांनीच परीक्षकांसमोर कापायचं, गर आणि बी दाखवायचं.

मी नामदेवकडे बघितलं. तो एक पाऊल मागे सरला.

"कापा की काकू."

"मी कशी कापू? भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची. घरी हे लावतात, मग मी चिरते."

"माझं चालत न्हाई. घरी मंडळी पोटुशी हाय. सातवा लागलाय."

आमच्याकडे अख्खा भोपळा म्हणजे थोरला मुलगा. बायकांनी त्याच्यावर सुरी चालवायची नाही, आणि जिच्या पोटात बाळ आहे तिच्या नवऱ्याने तर भोपळा कापायचा नाही की नारळ फोडायचा नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आमच्याकडून अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेतला होता. मला पहिलं बक्षीस मिळालं होतं! आणि आता हात सुरीकडे जात नव्हता.

"आई, मी कापते," मुग्धा म्हणाली.

"तू तर मुळीच नाही. तुला लहान लेकरू आहे."

मी यांना व्हिडिओ कॉल लावला. "आता फोनमधून हात काढू का?" हे ओरडले. "कोणालातरी सांग आणि मोकळी हो."

परीक्षकांच्या कपाळावर आठी पडली. "मॅडम, बाजारातून आणलाय का? आत काय आहे ते दाखवायचं नाही का?" नामदेवचा चेहरा उतरला. तीन महिने वेल जपणाऱ्या, रोज पहाटे फुलं जुळवणाऱ्या माणसावर माझ्यामुळे हा आळ आला.

पोळीवाल्या आजी हात पुसत आल्या. मी मोडक्या हिंदीत सांगितलं, हा थोरल्या मुलासारखा असतो. त्या परीक्षकांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मेरा बड़ा बेटा तो ये खड़ा है। बोलो, इसको काटूँ?" सगळे हसले. परीक्षकही हसले, पण त्यांनी घड्याळ पाहिलं. इरा माझी ओढणी ओढत होती. "आजी, पणजी हॅड नो मॅन इन द हाउस, राइट? हू कट इट देन?"

किती वर्षांनी आठवलं ते. वडील गेल्यानंतरचा पहिला हंगाम. आई शेजारच्या काकांना बोलवायची. एकदा कोणीच आलं नाही. आईने भोपळ्याला हळदकुंकू लावलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लेकरा, तुझं बी राखते हं." आणि सरळ सुरी घातली. आम्ही भावंडं श्वास रोखून बघत होतो. काहीच झालं नाही. संध्याकाळी घारगे झाले.

पर्समध्ये कुंकवाची डबी होती. बोट लावलं. तेच शब्द म्हटले, हळूच. आणि सुरी घातली. साल पातळच होती, आईची. दोन फाका झाल्या तेव्हा मी डोळे मिटले होते.

"काकू, बघा तरी!"

केशरी गर आणि त्यात टपोऱ्या, पांढऱ्या, फुगीर बिया. नामदेवने एक चिमटीत दाबून पाहिली, दाताखाली धरली, आणि त्याचे डोळे भरून आले. "भरल्यात काकू. समद्या भरल्यात."

बक्षीस दुसऱ्या कुणाच्या दुप्पट मोठ्या भोपळ्याला गेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. अर्धी फाक पोळीवाल्या आजींना दिली. बी कशात ठेवणार, त्यांनी विचारलं. आमच्याकडे चुलीच्या राखेत ठेवायचे, मी म्हटलं, पण फ्लॅटमध्ये राख कुठली. "हमारे बाबा भी राख में रखते थे, तरबूज का बीज," त्या म्हणाल्या. तव्याखालची कालची थंड राख त्यांनी बिस्किटांच्या डब्यात भरून माझ्या हातात दिली. "यल्ला, चलो, संभाल के."

नामदेवने दहा बिया रुमालात बांधल्या. सुट्टीवर जाईल तेव्हा घरामागे लावणार आहे. "पोरगं रांगायला लागंल तवर वेल मांडवावर जाईल," म्हणाला.

परतताना समुद्राच्या बाजूला सूर्य नव्हता, तो वाळवंटाकडे बुडत होता. तिकडे बघत इरा झोपून गेली, हाताला झावळ्यांचा वास.

घरी यांनी दार उघडलं. "शेवटी कापला कुणी?"

"मी."

हे दाराला टेकून म्हणाले, "मग आता माझं काम काय राहिलं?"

मी बियांची ताटली त्यांच्या हातात दिली. "वाळत घाला. रोज उलटायच्या."

आठ दिवस झाले. हे रोज सकाळी दुखऱ्या गुडघ्याने गॅलरीत जातात, एकेक बी उलटतात आणि आत येऊन आकडा सांगतात, जणू रात्रीत एखादी उडून जाईल. राखेचा डबा स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. झाकण उघडलं की धुराचा वास येतो. एका परक्या आजीच्या जाळाचा, पण मला तो अगदी आमच्या चुलीचाच वाटतो.