माझ्याच अक्षरातले पोस्टकार्ड

नारिता विमानतळावर नितीनने माझी बॅग स्वतः काट्यावर ठेवली, कुलूप दोनदा ओढून पाहिले आणि म्हणाला, "आईकडे लक्ष दे. इथली काळजी नको, टपाल मी बघतो." ऑक्टोबरची सकाळ होती. टोकियोतल्या ओजिमाहून निघताना आमच्या इमारतीखालची किनमोकुसेईची झाडे फुलली होती. त्या बारीक नारिंगी फुलांचा, पिकल्या जर्दाळूसारखा वास माझ्या स्वेटरला चिकटून विमानतळापर्यंत आला होता. वासांवर माझा पूर्ण विश्वास असतो. माणसांवर तेव्हाही थोडा कमीच होता. पण नवऱ्याला मी माणसांत धरत नव्हते.

सासूबाई नाशिकला घरात पडल्या होत्या, खुब्याचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया झाली होती. नितीनचा प्रोजेक्ट ऐन मोक्यावर होता, म्हणून मी निघाले. त्याच वेळी माझ्या रेसिडेन्स कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज दिलेला होता आणि निर्णय व्हायचा होता.

जे माझ्यासारखे घर सोडून इकडे आले त्यांना पुढचे चार शब्द वाचायची गरज नाही. मागे राहिलेल्यांसाठी सांगते. मी या देशात नितीनच्या नोकरीच्या आधाराने होते. इथल्या कागदांवर माझी ओळख "त्याच्यावर अवलंबून असलेली" एवढीच होती. अर्ज दिला की जुन्या कार्डाच्या पाठीवर एक शिक्का उठवतात. त्या शिक्क्यामुळे मुदत संपल्यावरही जास्तीत जास्त दोन महिने ते कार्ड चालते. तेवढ्या काळात परदेशी जाता येते. मात्र दोन महिने पुरे व्हायच्या आत परत येऊन नवे कार्ड हातात घ्यावे लागते. एक दिवस उशीर झाला तरी घर, भांडीकुंडी, नवरा सगळे इथे असूनही बायको बाहेरची ठरते. पुन्हा पहिल्यापासून अर्ज, आणि तोही नवऱ्याने केला तर.

आणखी एक रीत आहे. अर्ज देताना खिडकीमागची बाई एक कोरे पोस्टकार्ड पुढे सरकवते आणि त्यावर आपणच आपले नाव नि पत्ता लिहायचा. निर्णय झाला की तेच पोस्टकार्ड घरी येते: या, कार्ड घेऊन जा. मी लग्नाआधी पुण्यात कॉलेजात कविता शिकवत असे. स्वतःला लिहिलेले पत्र, आणि ते केव्हा धाडायचे हे मात्र दुसऱ्याच्या हातात, ही कल्पना मला फार आवडली होती. मी पत्ता अगदी सुवाच्य काढला. ओजिमाच्या पहिल्या जपानी अक्षराचा उजवा पाय मी नेहमीच थोडा लांब टाकते. तसा याही वेळी टाकला.

नाशिकचे दिवस निलगिरीच्या तेलाच्या वासाचे होते. शहाबादी फरशीवर वॉकरचे रबरी पाय चिकटून सुटत, त्याचा ओला, चुंबनासारखा आवाज दिवसभर घरात फिरे. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. दुखणेही त्यांनी वेळापत्रक लावून घेतले होते. मी जपानहून नेलेला चहा एकदाच चाखून त्यांनी कप परत केला. म्हणाल्या, "यात पान बुडून मेलंय, रंग उतरेपर्यंत कुणी बाहेर काढलं नाही." आमचे बरे जमले होते.

दर दोन दिवसांनी मी नितीनला पोस्टकार्डाबद्दल विचारी. अजून नाही, तो म्हणे. हळूहळू त्या "अजून नाही"ला शेपट्या फुटू लागल्या. इथे थंडी पडली आहे, घाई कशाला. आईला तुझी सवय झाली आहे. तू तिथे रमली आहेस, तुझा आवाजच सांगतो. मला ती माया वाटली. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक कोणती, असे कोणी विचारले तर मी लग्नाचे नाव घेत नाही. त्या आठवड्यांत मला जी माया वाटली तिचे नाव घेते.

एका दुपारी व्हिडिओ कॉलवर तो स्वयंपाकघरात बसून जेवत होता. मागे फ्रिज होता, फ्रिजवर कचरा टाकण्याचे वेळापत्रक: जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद. त्याच्या शेजारी निळ्या चुंबकाखाली एक पोस्टकार्ड. उजवा पाय लांब टाकलेले ते अक्षर मी जगात कुठेही ओळखले असते. नितीन नीटस माणूस आहे, त्याच्या घरात प्रत्येक कागदाला जागा असते. पोस्टकार्डाची जागा फ्रिजवर, म्हणून ते फ्रिजवर लागले होते. बायकोपासून लपवायचे आहे हे त्याच्या मनाला ठाऊक होते, हाताला नव्हते.

"पोस्टकार्ड?" मी विचारले.

"अजून नाही गं," तो घास चावत म्हणाला. "निवांत राहा."

मी फोन ठेवला आणि सासूबाईंच्या खाटेशी जाऊन बसले. त्यांना विचारले, नितीन माझ्याबद्दल तुमच्याशी काय बोलला आहे. त्यांनी चष्मा काढला. तो म्हणाला होता की मृदुलाचेच मन तिकडे लागत नाही, ती आता नाशिकलाच राहणार आहे. "मला वाटलं, बरी आहे पोर, सांगायला लाजते," त्या म्हणाल्या. मग मी फ्रिजवर काय पाहिले आणि मुदतीचे किती दिवस उरलेत ते सांगितले. नऊ.

त्यांनी उशीखालून कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात दिली. माझा पासपोर्ट त्या कपाटात होता. "जपून ठेव" म्हणून मुलानेच फोनवर सांगितले होते. "माझ्या पायाचं निमित्त करून तुला इथं बांधायला मी काय खुंटा आहे?" त्या म्हणाल्या. "जा. आणि त्याला फोन करू नकोस. फोन केलास तर रडशील, आणि रडलीस की राहशील." त्यांच्या भाचीला त्यांनी सोबतीला बोलावून घेतले. मी गेले.

मुदतीला चार दिवस उरले असताना मी नारिताच्या खिडकीसमोर उभी राहिले. अधिकाऱ्याने कार्ड पाहिले, मुदत टळलेली पाहिली, उलटून शिक्का पाहिला, दिवस मोजले. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या तोंडाला पितळेची चव आली होती. मग त्याने मान लववली. नितीन ऑफिसात होता. मी माझ्या किल्लीने दार उघडले, बूट न काढता, होय, त्या लखलखीत घरात बूट न काढता, फ्रिजपर्यंत चालत गेले, पोस्टकार्ड काढले आणि तशीच शिनागावाच्या इमिग्रेशन कार्यालयात गेले. तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तीन तास बसले. माझा आकडा पुकारला गेला तेव्हा नव्या कार्डाचा गुळगुळीत, थंड स्पर्श बोटांना झाला. नक्षत्रांवर कविता लिहिणाऱ्यांना मी आता हसते. इतकी सुंदर वस्तू मी पाहिलेली नाही.

संध्याकाळी तो आला. माझे बूट पाहून दारातच थबकला. "अगं, कळवायचं तरी."

"टपाल तू बघतोयस म्हणालास, म्हणून नाही कळवलं."

त्याने फ्रिजकडे पाहिले. मग समजावणीच्या सुरात बोलू लागला. तो सांगणारच होता. सगळ्यांच्या भल्याचा विचार केला होता. शेवटी आईकडे कोणीतरी बघायला हवेच ना?

"तू बघ," मी म्हणाले.

तो हसला. विनोद ऐकल्यासारखा, मोकळा, मनापासून हसला. पोस्टकार्ड लपवले, खोटे बोलला, आईला माझ्याविरुद्ध वापरले, हे सगळे कदाचित काळाने झिजले असते. ते हसणे झिजले नाही. ते मी जपले.

माझे नवे कार्डही त्याच्याच आधाराचे होते, म्हणून मी त्याच घरात आणखी दोन वर्षे राहिले. गरम पोळ्या केल्या. त्याने ऑफिसातल्या तानाका-सानला जेवायला बोलावले तेव्हा हसून वाढले. आणि दुपारभर जपानी शिकले. वृत्तांवर पोसलेला कान होता, भाषा लवकर आली. भाषांतर कंपनीत नोकरी लागली, तिच्या जोरावर स्वतःच्या नावाचे कार्ड मिळाले आणि ते हातात आले त्याच आठवड्यात मी टोकियोच्या कडेच्या ग्योतोकुला राहायला गेले. घटस्फोटाचा कागद मात्र मी पुढे केला नाही. मैत्रिणींना वाटले, हिच्या मनात अजून ओल आहे. ओल नव्हती. मी दार नुसते लोटून ठेवले होते. कधी ना कधी तो ते ठोठावायला येणार याची मला खात्री होती, आणि त्या वेळी मला घरात असायचे होते.

वर्षे गेली. मला कायमचा रहिवास मिळाला. दर वर्षी मी नाशिकला गेले, सासूबाईंच्या पायांना तेल लावले, त्यांच्या तोंडून तेच ते टोमणे ऐकले. शेवटच्या खेपेला त्या म्हणाल्या, "मी आहे तोवर त्याला माफ करू नकोस. मी बघते आहे. पुढचं तुझं तू ठरव." गेल्या थंडीत त्या गेल्या. मी ठरवले.

या वसंतात नितीनचा फोन आला. कंपनीने इथले काम आवरते घेतले होते, त्याची नोकरी गेली होती, कार्डाची मुदत संपत आली होती. कायम रहिवाशाचा नवरा म्हणून अर्ज केला तर राहता येणार होते. त्यासाठी हमीदार म्हणून माझी सही हवी होती. ग्योतोकु स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात आम्ही भेटलो. केस पिकले होते, शर्टाची घडी तशीच. सगळे फॉर्म त्याने भरून आणले होते. जिथे मी सही करायची तिथे पेन्सिलीने छोटी वर्तुळे काढली होती.

मी एकेक पान वाचले. घाई केली नाही. कॉफी थंड झाली, तिच्यावर साय धरली. पत्त्याच्या रकान्यात माझे घर होते. "कागदावर एकत्र दाखवू," तो म्हणाला, "तुला त्रास नाही देणार." खाली कारणाच्या रकान्यात, माझ्या तोंडी, स्वच्छ जपानीत लिहिले होते: पतीसोबत राहण्याची माझी इच्छा आहे.

"हे वाक्य कुणाचं?" मी विचारले.

"तुझंच. म्हणजे, तुझ्या वतीनं मी लिहिलंय."

मी कागद जुळवले, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि त्याच्याकडे सरकवले. पेन उघडलेच नव्हते. त्याला समजायला थोडा वेळ लागला.

"अजून तेच धरून बसलीयेस? एका पोस्टकार्डापायी?"

"हो," मी म्हणाले. "एका पोस्टकार्डापायी."

"मग मी जाऊ कुठं?"

त्याला उत्तर ठाऊक होते. मी फक्त त्याचा चेहरा पाहत राहिले. कॉफीचे पैसे देऊन निघाले तेव्हा रस्त्यावर ओल्या डांबराचा आणि कुठल्याशा बेकरीतल्या लोण्याचा वास होता. मला सडकून भूक लागली होती. मी दोन पाव घेतले आणि चालता चालता खाल्ले. या देशात असे कुणी करत नाही.

कायमचे जाणाऱ्याच्या कार्डाला विमानतळावर भोक पाडतात. तो आवाज कसा असतो हे मी एका सहकारिणीकडून मुद्दाम विचारून घेतले. पंचिंग मशीनचाच, ती म्हणाली, पण जरा जाड.

सूड घेऊन काय मिळते, असे भल्या माणसांनी मला अनेकदा विचारले आहे. झोप मिळते, एवढे मी अनुभवाने सांगू शकते. आणि घराचे म्हणाल तर पूर्वी मला ते दोन ठिकाणी असल्यासारखे वाटे आणि दोन्हीकडे मी पाहुणी असे. आता एकच आहे: तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेची गॅलरी, तोझाई लाइनची गाडी पुलावर चढताना काचा किंचित थरथरतात. दारावरच्या पाटीवर एकच नाव आहे, माझे.

नितीन नाशिकला त्याच्या आईच्या घरात एकटा राहतो. तिथे नळाला पाणी पहाटे साडेपाचला येते, वीस मिनिटे, आणि टाकी गच्चीवर आहे. पाणी तिथवर चढत नाही, बादल्यांनी न्यावे लागते. मी तिथे असताना रोज उठत होते. त्याचे साडेपाच म्हणजे माझे नऊ. त्या वेळी मी गॅलरीत खुर्ची टाकते, आले घातलेला चहा घेते आणि घड्याळात वीस मिनिटे होईपर्यंत उठत नाही.