वस्तादांचा डावा कान

वस्ताद माणसाकडे बघून बोलत नसत, सायकलकडे बघून बोलत. साजगावच्या एका पत्र्याच्या कारखान्यात ते प्रेसवर होते आणि रविवारी भिसेगावजवळच्या बंद वीटभट्टीच्या जागेत आम्हा पोरांना बीएमएक्स, म्हणजे उंचवट्यांवरून उड्या घेत सायकलची शर्यत, शिकवायचे. तिथले मातीचे उंचवटे त्यांनी स्वतः फावड्याने घातले होते. उडी चुकून कोणी पडला, की ते आधी सायकल उचलत. "पोरगं आपोआप जुळतं रं, सायकल जुळवाया लागते," म्हणत. माझा उजवा हात आजही नीट वळत नाही, त्यामुळे याबाबत माझं मत वेगळं आहे.

शर्यतीआधीच्या त्यांच्या एका सवयीची मात्र आम्हाला भीती वाटे. प्रत्येकाची सायकल उलटी करायची, पुढचं चाक फिरवायचं आणि डोळे मिटून डावा कान त्याच्याजवळ न्यायचा. चाक थांबलं की म्हणायचे, "जा," किंवा "आज नको." कारण कधीच सांगत नसत. एकदा आमच्यातल्या सुन्याने ऐकलं नाही. भरदुपारी, कोरड्या ठणठणीत मातीवर, आजूबाजूला दुसरी सायकल नसताना तो पहिल्याच उंचवट्यावरून फेकला गेला. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. सायकलवर साधा ओरखडाही नव्हता. त्या दिवशी वस्ताद आधी सुन्याकडे धावले, आणि ते पाहून आम्ही जास्त घाबरलो.

राज्याच्या संघाची निवड होती त्या सकाळी माझं चाक थांबलं, तरी वस्तादांनी कान काढला नाही. मग म्हणाले, "आज नको." मी रडलो, पाया पडलो, शिव्याही दिल्या, पण सायकलवर बसायची छाती झाली नाही. शर्यत पार पडली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी माझं वय बसत नव्हतं. मी सायकल सोडली, वस्तादांनाही सोडलं.

तो राग मी पंचवीस वर्षं जपला. मागच्या महिन्यात ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा गेलो. बोलायला लागलो तर त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "उजवीकडनं बोल रं. डावा कान कवाच गेलाय त्यांचा, प्रेसच्या आवाजानं. तुमी सायकली उडवायचात त्याच्याबी आदी."

माझं डोकंच फिरलं. "मग माझ्या चाकात ऐकलंत तरी काय?"

"त्या कानात एरवी कायच येत नाय," वस्ताद म्हणाले. "म्हनून जे येतं त्याला मी भ्यायचो. त्या दिशी एक बाई रडत व्हती. 'बाब्या, डोळं उघड रं' म्हनत व्हती. तुमच्यात बाब्या कोन, मला ठावं नव्हतं. पन चाक तुजं व्हतं."

मैदानावर मला सगळे नंबरानेच, 'चौदा' म्हणून हाक मारत. बाब्या मला एकच व्यक्ती म्हणते.

निघताना मी त्यांच्या पाया पडलो. ती आमची शेवटची भेट.

घरी आलो तेव्हा आई ओटीवर तांदूळ निवडत होती. "बाब्या, जेवून आलास का रं?" तिने विचारलं. मी सूप बाजूला सारलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"अरे, झालं काय?" ती म्हणाली. "रडतोस कशाला?"