फिनेलमावशीची साळिंदरं

माझी मावशी प्राणिसंग्रहालयात साळिंदरं सांभाळायची. पिंजरे ती इतके घासायची, की सगळे कामगार तिला फिनेलमावशी म्हणत. तिला त्याचा राग नव्हता, उलट मान ताठ व्हायची. मी तिथेच तिकीटखिडकीवर बसायचे, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

साळिंदराची मादी मेली आणि नराने, म्हणजे आमच्या भाऊने, खाणंपिणं सोडलं. रानात साळिंदरं जोडीने राहतात, एकाच बिळात, पिल्लांसकट. एकटं राहणं भाऊला मानवेना. मावशीने साहेबांच्या मागे भुणभुण लावून दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून एक मादी आणवली. साहेबांनी महिन्याची मुदत दिली. जमलं नाही तर मादी परत. मग भाऊचं काय? त्याच्या बरगड्या तर आता मोजता येत होत्या.

पाहुणी येणार म्हणून मावशीने आदल्या दिवशी पिंजरा फिनेलने लख्ख धुतला. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. भाऊच्या घराला भाऊचाच वास उरला नाही. आधीच बिथरलेला तो मादी दिसताच पाय आपटू लागला, आणि पाठ फिरवून, काटे फुलवून उलटा तिच्यावर धावून गेला. रानात पटलं नाही तर पळायला रान असतं, इथे बारा पावलांवर भिंत. मादीच्या खांद्यात चार काटे रुतले.

“चूक माझीच,” काटे काढायला आलेल्या डॉक्टरांना मावशी म्हणाली. “कुणाच्या माथी मारत नाही. पण मुदत संपेपर्यंत हिला हलवायचं नाही.”

मग उरलेला महिनाभर तिने फिनेलच्या डब्याला हात लावला नाही. दोघांच्या मधे जाळी, आणि एकमेकांच्या वासाची सवय व्हावी म्हणून रोज सकाळी त्याच्याखालचं गवत तिकडे, तिच्याखालचं इकडे. नाक धरून आत जावं लागे. साहेब ओरडले, माझ्या खिडकीवर तक्रारी आल्या, मीही वैतागले. खरं तर तो वास मावशीलाच सगळ्यांत जास्त झोंबत होता. घरी येऊन ती दोनदोनदा अंघोळ करायची. पण हट्ट म्हणजे हट्ट!

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिने दोरी ओढून जाळी उचलली. डॉक्टर आडवी धरायला फळी घेऊन तयार. मादीने पाय आपटला. भाऊचे काटे खडखडले.

“मावशी, सोडा दोरी! बंद करा!” डॉक्टर ओरडले.

“थांबा हो जरा. पाठ कुठे फिरवलीय त्याने?”

तिने दोरी तशीच ताणून धरली. माझा तर जीव मुठीत. भाऊ तोंड पुढे करूनच गेला. नाकाला नाक लागलं. काटे हळूहळू खाली बसले. मग मादी सरळ त्याच्या थाळीकडे गेली आणि रताळं कुरतडू लागली. भाऊने क्षणभर पाहिलं, आणि दुसऱ्या टोकाने तोही त्याच रताळ्याला भिडला.

मावशीने दोरी खुंटीला बांधली, तशीच साहेबांकडे गेली, आणि मादी परत पाठवायचा कागद मागून घेऊन त्यांच्यासमोरच फाडला.